काळं मशीन, पांढरं मशीन

दुकानाचा नियम आठ दिवसांचा होता. जुनी मशीनं विकणारे लोक सहसा असला नियम करत नाहीत. पण हा दुकानदार, ज्याला सगळे डॉक्टर म्हणत, त्याचं म्हणणं असं, की हातात धरून खेळायचा कॉम्प्युटर म्हणजे चप्पल. पायात घालून चार पावलं टाकल्याशिवाय कुठे चावते ते कळत नाही. घेऊन जा, आठ दिवस खेळा, नाही पटलं तर परत आणा, कारण विचारणार नाही. क्रेनवाल्याने पहिलं काळं मशीन सहाव्या दिवशी परत आणलं. त्याच जातीचं दुसरं काळं मशीन घेऊन तो पाचव्याच दिवशी दार ढकलून आत आला, तेव्हा डॉक्टरने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“काका, कारण विचारणार नाही हा माझा नियम आहे. आज मोडतो.”

“तेच कारण. डावी स्टिक खराब आहे. सरळ रस्त्यावर गाडी डुलत जाते, पिऊन चालवल्यासारखी.”

“दोन्ही मशीनांची? दोन्हीची डावीच?”

“आता ते मी काय सांगू? मी बनवली का?”

क्रेनवाला एकोणपन्नास वर्षांचा होता, आणि त्यातली बावीस वर्षं त्याने जमिनीपासून साठ मीटर वर, काचेच्या खोक्यात काढली होती. खोक्यात एक खुर्ची आणि खुर्चीच्या दोन्ही हातांवर एकेक लिव्हर. उजव्या लिव्हरने हूक वरखाली होतो, डाव्याने क्रेनचा लांब आडवा हात फिरतो. लोकांना वाटतं, वर बसलेला माणूस दिवसभर ओझी उचलतो. खरं तर तो दिवसभर वाट बघतो. खाली सळया बांधून होईपर्यंत, ट्रक मागे घेईपर्यंत, कुणाचं कुणाशी लागलेलं भांडण मिटेपर्यंत. वाट बघण्याच्या त्या तुकड्यांत तो डोंगरातल्या रस्त्यांवरून गाडी पळवायचा खेळ खेळे. खालून वॉकीटॉकीवर हाक आली, की मशीन पत्र्याच्या डब्यात, डबा खुर्चीखाली, आणि मगच हात लिव्हरला. हा नेम त्याने एकदाही मोडला नव्हता. सात वर्षं साथ दिलेलं जुनं मशीन पायऱ्यांवरून पडून फुटलं, म्हणून ही शोधाशोध.

डॉक्टरने काळं मशीन तारेने आपल्या मोठ्या पडद्याला जोडलं. पडद्यावर एक वर्तुळ उमटलं, आणि वर्तुळाच्या बरोबर मध्यावर, डावी स्टिक दाखवणारा पांढरा ठिपका. मशीन टेबलावर पडून होतं. ठिपका जिथल्या तिथे, भिंतीत खिळा ठोकावा तसा.

“बघा. आता हातात घ्या. स्टिकवर अंगठा नुसता ठेवा, ढकलू नका.”

क्रेनवाल्याने मशीन उचललं. ठिपका क्षणभर थांबला आणि मग थरथरू लागला. फार नाही. पाण्याखालून बारीक काहीतरी ओढत असावं, इतकाच.

डॉक्टर पडद्याकडे बघत राहिला, मग हसला. “दिवसाला चहा किती घेता?”

“सात-आठ.”

“मग मशीनला कशाला बोल लावता? नाचता येईना, अंगण वाकडं!”

“वजन बघ ना याचं,” क्रेनवाला म्हणाला. त्याने मशीन खाली ठेवलं, जरा घाईनेच. “वीट आहे वीट. हात भरून येतो.”

हे अगदीच खोटं नव्हतं. काळं जाडजूड होतं, पण बॅटरी अशी दमदार, की सकाळी भरली तर सुट्टीपर्यंत मागे वळून बघायला नको. आणि खेळ अर्ध्यावर ठेवून झोपवलं, तर तासाभराने तिथूनच जागं व्हायचं. दिवसातून चाळीस वेळा हातातलं टाकून उठणाऱ्याला हा गुण लाखमोलाचा. डॉक्टरने फळीवरून पांढरं काढलं. ते हलकं, अंगापिंडाने लहान, पडदा असा झळझळीत की उन्हातसुद्धा रस्त्याची खडी मोजावी. पण पंखा किंचाळायचा, आणि बॅटरी दोन तासांत मान टाकायची.

“काळं बैल आहे, पांढरं घोडा,” डॉक्टर म्हणाला. “तुम्हाला नांगरायचंय की पळायचंय, ते तुमचं तुम्ही ठरवा.”

क्रेनवाल्याने पांढरं पिशवीत घातलं. रस्त्यावर आल्यावर त्याने डावा हात खिशात घातला आणि घरापर्यंत बाहेर काढला नाही.

त्याचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवत. एकदा त्यांच्या अक्षरांच्या कडा कापऱ्या यायला लागल्या. तेव्हा त्यांनी कुंचला बदलला. मग रंग बदलला, मग शिडी. दोन वर्षं ते एकामागून एक कुंचले आणत राहिले, आणि घरातलं प्रत्येक माणूस, आईसुद्धा, कुंचल्यालाच नावं ठेवत राहिलं. नंतरची अकरा वर्षं त्यांना चमच्याने भरवावं लागलं. चमचा धरायचं काम बहुतेक वेळा त्याच्याकडे असे. वडील तोंड उघडून वाट बघत आणि डोळे भिंतीकडे ठेवत.

पांढऱ्याने मात्र कमाल केली. पहिल्याच दिवशी, साठ मीटर वर, त्याने घाटातला रस्ता धरला आणि गाडी दोरीने आखल्यासारखी सरळ गेली. वळणावर वळली, सरळ झाली, पुन्हा सरळच. त्याने मशीन मांडीवर ठेवून हात पुढे धरला. अंगठा हलत होता. पुन्हा मशीन घेतलं. गाडी सरळ. त्याच्या छातीवरचा एक दगड उतरला. चुकी काळ्याचीच होती. दोन्ही काळी एकाच कारखान्यातली, एकाच माळेचे मणी.

“भावजी, खेळताय की झोपलात?” वॉकीटॉकी बोलला. खालून हाक मारणारा त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. ओझं बांधायचं, खूण करायची, आणि खाली येणारं ओझं हाताने धरून जागेवर बसवायचं, हे त्याचं काम. नऊ वर्षांपूर्वी क्रेनवाल्यानेच शब्द टाकून त्याला इथे लावलं होतं.

“झोपतो कसला! तुझ्या बहिणीने झोपू दिलं तर.”

“सांगू का तिला?”

“सांग. तुलाच डबा मिळणार नाही.”

घरी बायको पडदे शिवत होती. त्याने पांढरं मशीन तिच्या शिलाईयंत्राशेजारी ठेवून त्याचे गुण गायला सुरुवात केली. ती टाके घालता घालता ऐकत होती.

“आधी काळी आणलीत, मग दुसरी काळी, आता गोरी. माझ्या घरात सवतींची रांग लागलीय नुसती.”

“ही शेवटची.”

“पुरुष असंच म्हणतात.” मग तिने दोरा तोडला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “भाताचा घास परवा शर्टावर सांडला, तो का?”

“वाटी गरम होती.”

तिने यंत्राचं चाक फिरवलं आणि खोली टकटक आवाजाने भरून गेली.

आठव्या दिवशी तो दुकानात गेला तो पांढरं पक्कं करायलाच. डॉक्टरने पिशवीत चार्जरही भरला होता. मग त्याने हात थांबवला.

“काका, तुम्हाला फसवून विकणार नाही. पांढऱ्याची स्टिक काळ्यापेक्षा बरी नाहीये. उलट साधीच आहे. फरक एवढाच, की कारखान्यातून येतानाच तिचा मधला भाग मेलेला ठेवलाय. डेड झोन म्हणतात त्याला. त्या भागात अंगठा किती का हलेना, मशीन दुर्लक्ष करतं. अंगठा तो भाग ओलांडून बाहेर पडला, की मगच ऐकतं. काळ्याचा तो भाग अगदी बारीक आहे, म्हणून ते सगळं ऐकतं. हे बघा, मी पांढऱ्याचाही शून्य करतो.”

त्याने दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि मशीन पुढे केलं. क्रेनवाल्याने गाडी सुरू केली. पांढऱ्यातली गाडी काळ्यातल्यासारखीच डुलत गेली आणि कठड्याला घासली.

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. डॉक्टरने आवाज खाली आणला. “काका, मी नुसता नावाचा डॉक्टर. खऱ्याला दाखवा.”

“पहिल्यासारखं करून दे.”

“करतो. पण…”

“ते कुठून करतात, ते दाखव. मलाही येऊ दे.”

डॉक्टरने दाखवलं. सोपं होतं. एक पट्टी होती, बोटाने उजवीकडे सरकवली की मेलेला भाग वाढत जाई. क्रेनवाल्याने ती दोनदा सरकवून बघितली, दोनदा मागे आणली, आणि मान हलवली. एखाद्याला जुनं कुलूप उघडायची युक्ती कळावी तसं त्याचं तोंड झालं होतं. डॉक्टरने ते पाहिलं, आणि आपण चांगलं केलं की वाईट, हे त्याला रात्री जेवतानाही ठरवता आलं नाही.

क्रेनची तपासणी करायला महिन्यातून एकदा सर्व्हिसवाला यायचा. तो आला तेव्हा क्रेनवाल्याने त्याला केबिनमध्ये चहा दिला आणि इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, “डावा लिव्हर फार नाजूक झालाय रे. मुंगी बसली तरी हात फिरतो. मधला मेलेला भाग थोडा वाढवून दे की.”

“वाढवला तर सुरुवात उशिरा होईल, उस्ताद. आणि होईल तेव्हा एकदम होईल. बारीक हलवायला त्रास पडेल.”

“बावीस वर्षं झाली मला. बारीक हलवायचं तू शिकवणार?”

सर्व्हिसवाला ओशाळला. नियमाप्रमाणे असा बदल वहीत लिहून सुपरवायझरची सही घ्यायची असते. पण उस्तादांच्या शब्दावर सही कसली मागायची? त्याने लॅपटॉप जोडला, आकडा बदलला, चहा संपवला आणि खाली उतरला. तिसऱ्या ओझ्याला क्रेनवाल्याच्या लक्षात आलं, की आडवा हात आता उगीच हलत नाही. पत्र्याच्या डब्यात पांढरं मशीन, खुर्चीच्या हाताला तसाच लिव्हर, आणि दोघांनी मिळून त्याचा अंगठा झाकलेला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दहा दिवस बरे गेले. म्हणजे लोकांचे. त्याला मात्र दर ओझ्यागणिक एक वेगळीच भीती लागली होती. लिव्हर ढकलावा तर काही होत नाही. आणखी ढकलावा, तरी नाही. आणि मग अचानक, झोपलेल्या जनावराच्या शेपटीवर पाय पडावा तसा, लोखंडाचा तो पन्नास मीटरचा हात उसळून फिरे. तो लगेच आवरी. अजून तरी आवरला जात होता.

अकराव्या दिवशी सळयांचं बंडल खाली येत होतं. मेहुणा दोन्ही हात वर करून उभा होता.

“डावीकडे, भावजी. एक वीतभर. हळू. अजून हळू.”

बंडल वीतभर नाही, दोन हात सरकलं. वरून क्रेनवाल्याला फक्त पिवळं हेल्मेट घरंगळत जाताना दिसलं. हेल्मेटमध्ये डोकं आहे की नाही, हे इतक्या उंचीवरून कळत नाही. त्याने सगळं थांबवलं. वॉकीटॉकी गप्प होता.

“भावजी,” शेवटी आवाज आला, धापा टाकत, हसत. “डोकं जागेवर आहे. अक्कल शोधतोय.”

सुपरवायझर बाई धावत आल्या. काय झालं, कसं झालं? मेहुण्याने कपाळावरचं रक्त बाहीने पुसलं आणि म्हणाला, “वारा आला हो मधेच. वरच्याचा काही दोष नाही.” त्या दिवशी सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या जमिनीवर पडल्या होत्या तशाच पडून होत्या. एकीचा कोपरासुद्धा हलत नव्हता. बाईंनी त्या पिशव्यांकडे पाहिलं, मग वर पाहिलं, आणि वहीत ‘वारा’ असं लिहिलं.

त्यानंतर तीन दिवस क्रेनवाला वर गेला आणि तीन दिवस त्याने पांढरं मशीन डब्यातून काढलं नाही. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो पत्र्याच्या शेडमध्ये मेहुण्याशेजारी बसला. मेहुण्याच्या कपाळावर चिकटपट्टी होती. क्रेनवाल्याने मशीन काढलं, मेलेला भाग शून्यावर आणला आणि गाडी सुरू केली.

“बघ.”

गाडी डुलत डुलत कठड्याला लागली.

“आता तू धर.”

“मला कुठं येतं?”

“नुसतं धर.”

मेहुण्याने घास गिळला, हात पुसले आणि मशीन धरलं. गाडी रस्त्याच्या मधोमध सरळ चालत राहिली. चांगली मिनिटभर. तो गाडीकडे बघत होता आणि क्रेनवाला त्याच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर समजल्याची एक रेघ उमटली, आणि ती उमटताच त्याने ती पुसून टाकली.

“मशीन बदला, भावजी,” तो म्हणाला. “काळं घ्या परत.”

“तुला कळलंय.”

“मला काय कळतंय खेळातलं!” त्याने डब्याचं झाकण लावलं. “ताईला माहितेय?”

“नाही.”

“मग मलाही नाही.”

तो उठून गेला. पोटच्या पोरासारखं ज्याला वागवलं, तो आपल्यासाठी ओझ्याखाली उभा राहायला तयार आहे, हे क्रेनवाल्याला त्या क्षणी लख्ख दिसलं. तो तसाच सुपरवायझर बाईंच्या खोलीत गेला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, “माझा डावा हात कापतो. काही महिने झाले. मी आता वर जाणार नाही.”

त्याला वाटलं होतं, आभाळ कोसळेल. कोसळलं नाही. बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, “उस्ताद, याला हिंमत लागते. दुसरा कोणी असता तर लपवून ठेवलं असतं.” बातमी पसरली तसे लोक येऊन पाठीवर हात ठेवून गेले. गवंड्यांच्या म्होरक्याने तर हात जोडले. क्रेनवाला त्या मायेत बसून राहिला, थंडीतून आलेला माणूस शेकोटीशी बसतो तसा. लिव्हरची गोष्ट त्याच्या जिभेवर दोनदा आली. पण सर्व्हिसवाला बिचारा पोराबाळांचा. शिवाय आज पुन्हा क्रेन चालणारच नव्हती. बदली ड्रायव्हर उद्या येणार. उद्या सकाळी लवकर सर्व्हिसवाल्याला गाठून आकडा गुपचूप पहिल्यासारखा करून घेता येईल. कोणाला कळायचं कारण नाही. त्याने दुसरा कप चहा घेतला.

बदली ड्रायव्हर तासाभरातच आली. जवळच्याच कामावर होती, तिथलं काम अडलं होतं, म्हणून बाईंनी बोलावून घेतली. तिशीची, चपळ, परवाना नवा कोरा. जाता जाता ती क्रेनवाल्याच्या पाया पडण्याएवढी वाकली. “तुमच्या खुर्चीत बसायचं म्हणजे छातीत धडधडतंय, उस्ताद,” असं काहीतरी म्हणाली, आणि तो काही बोलायच्या आत शिडीला लागली.

तो शेडच्या दारात आला. ती चढत होती. अजून वेळ होता; साठ मीटर चढायला वेळ लागतो. बाई चार पावलांवर उभ्या होत्या. ‘बाई, एक राहिलं,’ एवढे तीन शब्द. लोक अजून त्याच्याकडे त्याच नजरेने बघत होते. ती काचेच्या खोक्यात शिरली. मेहुण्याने बंडलाला पट्टे लावले, हूक अडकवला, अंगठा वर केला. बंडल जमिनीवरून उठलं, डोक्याच्या वर गेलं.

“डावीकडे घ्या, मॅडम,” मेहुणा म्हणाला. “सावकाश.”

आडवा हात हलला नाही.

“डावीकडे.”

“ढकलतेय,” वरून आवाज आला. “येत नाहीये. थांबा, अजून जरा…”

क्रेनवाल्याने बाईंच्या हातातला वॉकीटॉकी ओढून घेतला. “सोड! लिव्हर सोड! हात काढ त्याच्यावरून!”

“कोण बोलतंय?”

“मी. लाल बटण दाब.”

वर कुठेतरी खटका पडला आणि मोटारीची घरघर थांबली. बंडल मेहुण्याच्या डोक्यावर, दोन माणसं उंच, अधांतरी राहिलं.

“काय झालं, उस्ताद?” वरून प्रश्न आला. त्या जागेवरच्या चाळीसेक लोकांपैकी पंधरा जणांच्या पट्ट्याला तोच वॉकीटॉकी होता, आणि पंधरा ठिकाणांहून तो प्रश्न ऐकू आला.

“डाव्या लिव्हरचा मधला भाग मी मारून घेतलाय,” तो म्हणाला. “सर्व्हिसवाल्याला सांगून. वहीत नाहीये. तेवढा भाग संपला, की हात एकदम फिरतो.” त्याला श्वास घ्यावा लागला. “माझं कापणं दिसू नये म्हणून केलं.”

पंधरा ठिकाणांहून त्याचा आवाज त्याच्याकडे परत आला.

“कधी?” हा मेहुण्याचा आवाज होता. तो अजून बंडलाखालीच उभा होता.

“पंधरा दिवस झाले. तू आधी बाहेर हो.”

“पंधरा.” मेहुणा मनात काहीतरी मोजत असल्यासारखा थांबला. हात कपाळावरच्या पट्टीकडे गेला. “म्हणजे आत्तासुद्धा, शेडमध्ये, तुम्ही मला अर्धंच…”

वाक्य त्याने पुरं केलं नाही. तो बंडलाखालून बाहेर आला, घाई न करता, आणि चालत चालत पार दुसऱ्या टोकाला, लाकडी फळ्यांच्या ढिगापाशी जाऊन उभा राहिला. बाईंनी क्रेनवाल्याच्या हातून वॉकीटॉकी काढून घेतला. त्यांनी तो आधी रुमालाने पुसला आणि मग त्यात बोलल्या: ड्रायव्हरने खाली उतरायचं, सर्व्हिसवाला येईपर्यंत कोणी मधे जायचं नाही, दोरी बांधून जागा अडवायची. उस्ताद हा शब्द त्यांनी वापरला नाही.

दोरी बांधली गेली. लोक दोरीबाहेर गोल उभे राहिले. मधे रिकाम्या जमिनीच्या वर, अधांतरी, बंडल आपल्याच भाराने सावकाश फिरत होतं, कधी इकडून, कधी तिकडून. क्रेनवाल्याच्या दोन्ही बाजूंना हात पसरले तरी कोणाला लागणार नाहीत इतकी जागा आपोआप सुटली होती. त्याचा डावा हात उघडा लोंबत होता आणि कापत होता. आता त्याने तो खिशात घातला नाही.

पलीकडे, फळ्यांपाशी, मेहुण्याने फोन कानाला लावला. इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं. पण पहिला शब्द बोलताना त्याचे ओठ जसे उघडले, त्यावरून क्रेनवाल्याला कळलं, की तो ‘ताई’ असा होता.